मुंढ्यातली माया

शिंपिणीच्या दुकानात एक पाटी होती. ती वाचून गिऱ्हाईक आधी हसायचं आणि मग परत जायचं. 'जुने कपडे दुरुस्तीला घेतले जाणार नाहीत.' दुरुस्तीवर पोट असलेल्या दुकानात अशी पाटी म्हणजे न्हाव्यानं दाढीवाल्यांना दार बंद करण्यातला प्रकार. तिचा नवरा, ज्याला सगळी गल्ली मास्टर म्हणायची, कोणी विचारलंच तर सांगायचा, "बायकोला जुनं कापड सोसत नाही. शिंका येतात."

शिंका आल्या असत्या तर ती खुशाल शिंकत बसली असती. तिला यायची ती भीती, आणि तीही हिशेबानं आलेली.

पाटी लावायच्या आधीची गोष्ट. शेजारच्या फोटोवालीनं आपल्या मेलेल्या वडिलांचं जाकीट आणून दिलं होतं. खिसा फाटका. "एवढा खिसा शिवून ठेव गं, भिंतीवर लावते आठवण म्हणून. याच खिशातून त्यांचं बोटीचं तिकीट गळलं म्हणे. बोट चुकली, इथेच अडकले, लग्न केलं आणि मी झाले. बघ, फाटक्या खिशाची लेक मी!" असं म्हणून फोटोवाली स्वतःच खळखळून हसली होती. शिंपिणीनं खिसा शिवायला घेतला. शिवता शिवता शेजारणीचा चेहरा तिला मध्येच आठवेनासा झाला. तिनं ते अपुऱ्या झोपेवर ढकललं. शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, जाकीट द्यायला बाहेर आली, तर शेजारी फोटोचं दुकान नाही. तिथे कुलूपवाला. किल्ली घासत बसलेला, जसा काही जन्मल्यापासून घासतोय. "फोटोवाली? कोण फोटोवाली? मावशी, बरं आहे ना तुम्हाला?"

हातात जाकीट नसतं तर तिलाही काही आठवलं नसतं. जाकीट होतं, म्हणून ती तशीच आत आली, घातलेले टाके एकेक करून उसवले, आणि शेवटचा टाका निघाला तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "झालं का गं? शिवतेयस की विणतेयस?"

त्या दिवशी तिला कळलं ते एवढं : जुन्या कपड्यात त्याचा दिवस राहतो. शिवण बदलली की दिवस बदलतो. काम अर्धं असेतोवर नुसती आठवण पातळ होते. काम पुरं झालं की माणूसच जातं. मास्टरला सांगितलं तर तो पोट धरून हसला होता. "कुलूपवाला होता म्हणतेस? मग आपल्या दाराचं कुलूप तरी दुरुस्त करून घ्यायचंस!"

तर अशा बाईच्या कापायच्या टेबलावर एका सकाळी कप्तानाचा कोट येऊन पडला.

आणणारे दोघे. एक संग्रहालयाचे साहेब, काचेच्या भांड्यासारखे जपून चालणारे. दुसरा नाटकातला नट. अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून भरलेला.

"मास्टर, हात वर जात नाही हो!" नटानं कोट चढवून दाखवला. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि खिळ्याला अडकल्यासारखा थांबला. "उद्या चौकात अख्ख्या गावासमोर प्रसंग उभा करायचाय. कप्तान हात उचलतो, त्याला दया येते, हात थांबतो. आता मला उचलताच येत नसेल तर दया आणू कुठून?"

"मुंढा जरा सैल करा, बस," साहेब म्हणाले. "जपून हं. गावाचा ठेवा आहे."

मास्टर पाटीकडे बघायला तयार नव्हता. संग्रहालयाचं काम, तेही वडिलांनी शिवलेल्या कोटाचं! त्यानं हो म्हणून टाकलं. ती आतून हात पुसत येईपर्यंत दोघे गेलेसुद्धा होते.

त्या कोटाची गोष्ट गावात दोन तऱ्हांनी सांगितली जायची. शाळेच्या पुस्तकात अशी : धान्य संपलं, माणसं चौकात जमली, कप्तान पायऱ्यांवर उभा राहिला. ठरलं असं होतं की त्यानं हात वर करायचा, आणि हात खाली आला की बंदुका सुटायच्या. हात अर्ध्यावर आला आणि कप्तानाचं काळीज विरघळलं. मग त्याचा पुतळा झाला. चौकातला तो अर्धा उचललेला हात पाहून पोरं म्हणायची, हा बस थांबवतोय.

घरातली गोष्ट वेगळी. कप्तानाचं काळीज होतं तिथेच होतं. अडला तो मुंढा. बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर इतका तंग, की हात वर जाईना. कप्तान ओढतोय, हात हलत नाही. पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग एक शिपाई हसला. हसलेल्या माणसाच्यानं बंदूक नेमकी धरवत नाही. सगळंच ओसरलं. त्या पहिल्या रांगेत खुद्द कोट शिवणारा शिंपीही होता. मास्टरचे वडील, अण्णा. तेव्हा नवंनवं लग्न झालेले.

गावानं अण्णांचे आभार मानले ते त्यांची टोपी उडवून. "अण्णा, चुकावं तर तुमच्यासारखं!" प्रत्येक बैठकीत हे. आणि अण्णा दर वेळी लालबुंद होऊन सांगायचे, "मी मुंढा चुकवला नव्हता. माप घेतलं होतं. हात वर करायला लावून घेतलं होतं!" घरात सासूबाईसुद्धा म्हणायच्या, "चुकला असाल हो एकदा, त्यात काय!" अण्णा गेले ते हेच सांगत गेले. मास्टरनं वडिलांकडून कात्री घेतली, इस्त्री घेतली, आणि ही खंतही घेतली.

शिंपिणीनं कोटाकडे पाहिलं. हिशेब सरळ होता. मुंढा सैल झाला तर हात वर जाईल. वर गेला तर खाली येईल. पहिल्या रांगेत अण्णा. अण्णा नाहीत तर मास्टर नाही. मास्टर नाही तर त्यांची लेक नाही. लेक लहानपणी इतकी गोल होती, की तिला सगळे बटणच म्हणायचे. आता ती शाळेत गेली होती. उंबऱ्यावर तिच्या घरातल्या चपला होत्या, एक सरळ, एक पालथी.

"अहो, कोट परत करा."

"झाली सुरू! अगं, संग्रहालय आहे ते. फोटोवालीचं जाकीट नाही."

"म्हणूनच म्हणते. बटणची शपथ घ्या, हात लावणार नाही म्हणून."

"बरं बाई, घेतली. तू येईपर्यंत अस्तरसुद्धा उघडत नाही. पण दोरा तर आण. असं जुनं काळं रेशीम तुझ्याशिवाय कोणाला जुळतंय?"

तिनं मनात बेत केला. दोरा शोधण्यात दिवस घालवायचा. मग कोट आपल्याकडे घ्यायचा, वाफेची इस्त्री फिरवायची आणि नटाला सांगायचं, झाला सैल, जरा पोट आत घ्या. नट मंडळींना पोटावर बोललं की मुंढ्याचा विषय सुटतो. बेत चांगला होता. चूक एकच झाली. कोट आणि नवरा दोघांना एका टेबलावर सोडून ती बाहेर पडली.

दोऱ्यांच्या दुकानात काळ्याच्या इतक्या छटा होत्या, की तिला जरा हायसं वाटलं. एकेक रीळ खिडकीपाशी नेऊन पाहता पाहता तिनं लाल फीत उचलली. वेणीला बांधायची, चांगली रुंद. दोरा आणि फीत दोन्ही तिनं पुढे केलं.

"लेकीला वाटतं?" दुकानदारीण हसून म्हणाली.

"कोणाच्या?" शिंपीण म्हणाली.

दुकानदारीण बघत राहिली. शिंपीण फितीकडे बघत राहिली. फीत कोणासाठी घेतली? घरात वेणी घालणारं कोण आहे? डोळ्यांसमोर एक पाठमोरी मान आली, मानेवर बारीक केस, आणि त्या मानेला पुढून चेहराच नव्हता. चपला आठवल्या. एक सरळ, एक पालथी. त्या कोणाच्या?

मग एकदम शेजारणीचं जाकीट आठवलं, आणि ती रीळ आणि फीत घेऊन तशीच पळत सुटली. दुकानदारीण मागून हाका मारत होती. रस्ता ओळखीचा, पण मधली वळणं पुसट झालेली. फीत तिनं मुठीत इतकी आवळली होती की नखं तळव्यात रुतली. फीत सुटली तर सगळंच सुटेल, एवढंच तिला कळत होतं. ती स्वतःशी बडबडत होती, "फीत आहे म्हणजे वेणी आहे. वेणी आहे म्हणजे पोर आहे. पोर आहे, पोर आहे."

मास्टर टेबलावर वाकलेला होता. अस्तर उघडं. चेहरा असा उजळलेला, की लग्नातही उजळला नव्हता.

"ये, ये! अगं बघ! अण्णा खरं बोलत होते!"

तिनं उघड्या अस्तराकडे बोट दाखवलं.

"शपथ मोडली, कबूल. म्हटलं नुसतं बघू. तर हे बघ, आत माया केवढी!" शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात, पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर कामी येते. "बोटभर माया! मुंढ्यात एवढी माया कोणी सोडतं का? आणि हे बघ, मायेवर जुन्या शिवणीची भोकं आहेत. अण्णांची मूळ शिवण इथे होती. बरोब्बर मापात! मागाहून कोणीतरी आत घेऊन तंग केलाय. आणि टाके बघ कसे उलटे कललेत. अण्णांच्या हातचे नाहीतच हे. जन्मभर बोलणी खाल्ली गं त्या माणसानं! उद्या चौकात सगळ्यांना हीच माया दाखवतो."

अण्णांची शिकवण अशी, की मुंढा सैल करताना आधी नवी शिवण घालायची आणि मग जुनी उसवायची, म्हणजे बाही हलत नाही. मास्टरनं नवी शिवण मूळ भोकांवरून घालून टाकली होती. जुनी उसवत आणली होती. उलटे टाके मोजकेच उरले होते, काखेपाशी, एका ओळीत. त्याच्या हातातलं उसवायचं हत्यार त्यातल्या पहिल्याखाली शिरलेलंच होतं.

तिनं शिवणीवर पंजा ठेवला. हत्यार तिच्या बोटात घुसलं.

"अगं ए! वेड लागलं का? कोटावर रक्त सांडेल!"

"थांबा. हात काढा. अहो, पाया पडते, हात काढा."

आवाजानं मागच्या खोलीतून सासूबाई आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून दिवसभर मागे बसून बोटांनी चाचपत बटणं निवडायच्या. भिंत धरत धरत टेबलापाशी आल्या. "काय रे आरडाओरडा? कोणाचा कपडा आहे?"

"कप्तानाचा कोट, आई! मुंढा कोणीतरी मागाहून घेतलाय. उलटे टाके..."

सासूबाईंनी डावा हात पुढे केला. त्या जेवायच्या उजव्या हातानं, कारण तशा मारून शिकवलेल्या. पण सुई कायम डाव्या हातात. बोटं मुंढ्यावरून फिरली, उसवलेल्या जागेवर आली आणि तिथेच थांबली. म्हातारीचा चेहरा कागदासारखा झाला.

"किती राहिलेत?" त्यांनी विचारलं. मुलाला नाही, सुनेला.

"थोडेच, आई."

"त्याला धर."

मास्टर दोघींकडे बघत राहिला. मग आईच्या डाव्या हाताकडे. शिंपीच तो. टाका कुठल्या हाताचा हे त्याला सांगावं लागत नव्हतं. "आई, हे तुझे टाके आहेत?"

"माझेच."

"आणि अण्णांना जन्मभर चुकलात म्हणत राहिलीस?"

सासूबाई स्टुलावर बसल्या. कोटाची बाही त्यांनी मांडीवर ओढून घेतली. सोडली नाही.

"तुझे अण्णा चुकले नव्हते. हात वर गेला होता, चांगला सरळ वर. खाली पण आला. दाराच्या फळीवर टाकून घरी आणलं त्यांना. मग काही दिवसांनी हाच कोट दुकानात आला. बटण तुटलं होतं. माझ्या माणसानं शिवलेला कोट, मलाच म्हणतात बटण लावून दे! मला काही विद्या येत नव्हती रे. नुसता राग होता. म्हटलं, आता उचलून दाखव हात. मुंढा बोटभर आत घेतला. शेवटचा टाका घातला, आणि हे दारातून आत आले. म्हणाले, 'चहा आहे का?'"



"कुठल्या तोंडानं सांगायचं होतं त्यांना," म्हातारी म्हणाली, "की तुमचा मुंढा बरोबर होता म्हणून तुम्ही मेला होतात?"

मास्टर हसला. पण ते हसू वरवरचं, उसनं आणलेलं होतं. "तुम्ही दोघी मिळून मला खुळा ठरवताय. जाकीट, कुलूपवाला, आता हे! द्या तो कोट इकडे." त्यानं हत्यार पुन्हा उचललं.

शिंपिणीनं मूठ उघडली. लाल फीत, तिच्या रक्तानं थोडी ओली.

"ही मी कोणासाठी आणली, सांगा."

"कोणासाठी म्हणजे? आपल्या..." तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. "आपल्या..." त्यानं उंबऱ्यावरच्या चपलांकडे पाहिलं, भिंतीवरच्या छोट्या फ्रॉकच्या कागदी नमुन्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "हा नमुना मी कोणाच्या मापाचा कापलाय?"

"सांगा ना."

"मला आठवत नाहीये." हत्यार त्याच्या हातातून टेबलावर पडलं. "ए, मला आठवत का नाहीये? काय नाव तिचं? ती म्हणजे... मुलगी आहे ना? आपल्याला मुलगी आहे ना?"

"मलाही येत नाहीये ओठांवर," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "आई, लवकर करा."

सुई सुनेनं ओवून दिली. दोरा नुकताच आणलेला, काळा. म्हातारीला दिसत नव्हतं, पण आपल्याच जुन्या भोकांचा माग बोटांना लागत होता. एकेक भोक चाचपायचं, सुई घालायची, ओढायची. मध्येच एका ठिकाणी बोटं अडखळली. भोक सापडेना. मास्टर भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत होता, ते आपलेच आहेत ना अशा नजरेनं. शिंपीण त्याचं मनगट धरून उभी होती. माणूस धरून ठेवता येतो का, असा प्रश्न तिला पडला नाही. तिनं धरलं होतं.

"सापडलं," सासूबाई पुटपुटल्या. सुई गेली. आणखी एक. आणखी एक.

"बटण!" मास्टर एकदम ओरडला. "बटण, बटण! बटणसाठी आणलीस फीत!" आणि तो बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

टाके पुरे झाले, पण भीती सरली नाही. कोट पुन्हा नटाच्या अंगावर जाणार. हात अडणार. नट चिडून तो कुठल्या तरी दुसऱ्या शिंप्याकडे नेणार. तो शिंपी अस्तर उघडणार, बोटभर माया बघून खूश होणार, आणि कोणत्यातरी दुपारी इथे चार माणसांच्या जागी एक म्हातारी विधवा बटणं निवडत बसलेली असणार.

"आई, तेव्हाच माया कापून का नाही टाकलीत?"

"शिंप्याची बायको ना मी. माया कापायला हात होतो का? आणि कापताना काही उलटंसुलटं झालं असतं तर? भीतीनं ठेवली. आणि ठेवली म्हणून भीत राहिले."

शिंपिणीनं मोठी कात्री घेतली. मास्टरनं ती तिच्या हातातून काढून घेतली. ती कात्रीवर झडप घालायला पुढे झाली. पण त्यानं बाही उलटी केली, मायेवर स्वतः घातलेली नवी शिवण एकदा अंगठ्यानं चाचपली, अण्णांच्या मापातली, बरोब्बर, सुरेख शिवण, आणि म्हणाला, "माझ्या हातानं होऊ दे." मग आईच्या टाक्यांना अगदी खेटून कात्री चालवली. कापड कापताना जो आवाज होतो तो त्या तिघांनी आयुष्यभर ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. मायेची पट्टी टेबलावर पडली. अण्णांच्या खरेपणाचा गावात तेवढाच एक साक्षीदार होता. दोघांनी दाराकडे पाहिलं. सासूबाईंनी नुसते कान लावले.

काही झालं नाही. खूप वेळ काही झालं नाही. मग गल्लीच्या तोंडाशी दप्तर फरफटत आणल्याचा आवाज आला, आणि आवाजामागून तक्रार, "आई गं, भूक लागलीये! आणि आज दुपारी कोणी मला डबा का नाही आणून दिला?"

शिंपीण खाली बसली ती उठलीच नाही. तिथूनच तिनं पोरीला ओढलं आणि केसांना फीत बांधायला लागली. गाठ काही बसेना.

ऊन उतरायच्या आत नट आला. साहेब बरोबर होतेच. नटानं कोट चढवला, आरशासमोर छाती काढली आणि हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. शिंपिणीनं डोळे मिटून घेतले होते. मागच्या खोलीत बटणांचा आवाज बंद झाला होता.

"अहो मास्टर! केलंत काय दिवसभर? होता तिथेच आहे हा!" नटानं जोर लावला, चेहरा जांभळा झाला, हात तसूभरही हलला नाही. "मी दुसरीकडे नेतो."

"खुशाल न्या," मास्टर म्हणाला. "पण आत माया नाही. कोणीही नेला तरी सैल व्हायचा नाही."

"माया नाही? कोट शिवायचा आणि माया ठेवायची नाही! कोणत्या दीडशहाण्यानं शिवला हा?"

मास्टरनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत अण्णांनी ओठ घट्ट मिटलेले होते, आता कोणीतरी काहीतरी बोलणार हे ठाऊक असल्यासारखे.

"आमच्या वडिलांनी," तो म्हणाला. "मुंढा चुकला त्यांचा."

साहेब हसले. नटालाही, हात तसाच अडकलेला असताना, हसू आलं. मास्टरनं खांद्याला धरून जवळ उभी केलेली बटण तर अडकलेला हात बघून केव्हाचीच खिदळत होती. एकाएकी तिचं हसणं थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "खांदा दुखतोय. सोड ना."

मास्टरनं सोडला नाही.